देवळामागचा गडी

मारुतीच्या देवळात शिरताना तो दिसत नाही. प्रदक्षिणेला मागे वळलात की डाव्या हाताला, नळाच्या चिखलात, गुडघ्यापर्यंत जमिनीत गेलेला आणि किंचित पुढे कललेला उभा असतो. कधी एकटा, कधी सहा-सात भाऊबंदांसोबत ओळीत. अंगावर गेल्या जत्रेचा ऑइलपेंट, डोक्यावर कुणीतरी वाळत टाकलेलं फडकं, पायाशी फुटलेल्या करवंट्या. "हा कोण हो?" असं विचारलं तर पुजारी म्हणतो, "जुना देव हाय." शाळकरी पोरं म्हणतात, "मावळा." पारावरचे बाबा तंबाखू मळत बराच वेळ विचार करतात आणि म्हणतात, "आसंल कुणीतरी. आमच्या आज्याच्या आधीपास्नं हितंच हाय."

तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत. तो देव नाही, पण पूजा घेतो. मावळा म्हणावं तर बहुतेक वेळा तो शिवकाळाच्या चार-पाचशे वर्षं आधीचा, शिलाहार-यादवांच्या अमदानीतला. लढताना मेला एवढं मात्र खरं. आणि आज्याच्या आधीपासून तर तो आहेच. त्याला वीरगळ म्हणतात. गावाची गुरं सोडवताना, वेस राखताना, वाघाशी झुंजताना किंवा राजाच्या फौजेत कामी आलेल्या माणसासाठी मागे राहिलेल्यांनी उभा केलेला दगड. खाली अस्थी असतीलच असं नाही, बहुधा नसतातच. पण थडग्याच्या दगडाचं जे काम, माणूस गेल्यावर त्याच्या जागी उभं राहायचं, तेच हाही करतो.

त्याला वाचायचं ते खालून वर. आपल्याला वरून खाली वाचायची सवय, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या डोक्यात गोष्ट उलटी शिरते. सर्वांत खालच्या चौकटीत तो आडवा पडलेला असतो; कडेला गाई कोरल्या असतील तर समजायचं, गुरांपायी गेला. त्यावरच्या चौकटीत लढाई: ढाल, तलवार, समोर दोन-तीन जण, कधी घोडा. त्याच्याही वर अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेताहेत. आणखी वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. माथ्यावर कलश आणि चंद्र-सूर्य. ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहील, अशी ती हमी. हमी एवढी मोठी, आणि नाव मात्र कोरलेलं नाही! कर्नाटकातल्या त्याच्या पुष्कळ भावांच्या अंगावर लेख आहेत. कोण, कधी, कोणत्या राजाच्या काळात पडला ते लिहिलेलं आहे. महाराष्ट्रातला गडी बहुधा मुका. १९८२ साली एस. सेट्टर आणि गुंथर सोन्थायमर यांनी धारवाडहून स्मृतिशिळांवरचा जाडजूड ग्रंथ संपादित करून काढला, तेव्हापासून अभ्यासकांनी त्याच्याकडे जरा नीट पाहायला सुरुवात केली. पण त्याचं नाव काही कुणाला सापडलं नाही, सापडणारही नाही.

त्यामुळे याची जी काही ओळख आहे ती टाकीच्या घावात आहे. दगडाच्या पाठीपासून बोटाच्या पेराएवढी उठवलेली नक्षी, आणि त्यातही कडा. गाईची शिंगं, तलवारीचं टोक, घोड्याचा लगाम, अप्सरेच्या हातातली माळ. शिंगं झिजली की गाय जाते, आणि गाय गेली की गुरांसाठी मेलेला माणूस नुसताच कुठेतरी मारामारीत मेलेला होतो. त्याच्या स्वच्छतेविषयी आणि निगेविषयी जे काही बोलायचं ते हे ध्यानात ठेवून बोलायला हवं.

तब्येत मात्र दणकट. दख्खनचा काळा पाषाण, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. संगमरवराचं तसं नाही. आर्चिबाल्ड गीकी या भूवैज्ञानिकाने एडिंबरातल्या दफनभूमी पालथ्या घालून थडग्यांचे दगड कसे झिजतात यावर १८८० साली निबंध प्रसिद्ध केला. ग्रेफ्रायर्सच्या आवारातला जोसेफ ब्लॅक यांचा दगड त्याने पाहिला. ब्लॅक वारले १७९९ मध्ये. ऐंशी वर्षांत त्यांच्या संगमरवरावरची अक्षरं काही ठिकाणी लागेनाशी झाली होती. हे ब्लॅक म्हणजे मोठे रसायनशास्त्रज्ञ. चुनखडीच्या जातीच्या पदार्थांत कोंडलेला वायू, ज्याला आज आपण कार्बन डायऑक्साइड म्हणतो, तो त्यांनीच वेगळा ओळखून दाखवला. पावसात हाच वायू विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं आणि संगमरवर खातं. त्यात कोळशाच्या धुरातल्या गंधकाची भर पडली की मग विचारायलाच नको. स्वतः शोधलेल्या वायूनेच बिचाऱ्याचं नाव पुसत आणलं. मुंबई-पुण्याच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींतल्या संगमरवरी पाट्यांवरून हात फिरवून पाहा, बोटाला खरखर लागते, कण सुटतात. त्या पाट्या दीड-दोनशे वर्षांच्या. आपला गडी त्यांच्या खापरपणजोबांच्याही आधीचा, आणि त्याच्या मिशीचा पीळ अजून मोजता येतो.

म्हणजे तो अमर आहे असं नाही. काळ्या पाषाणात लोह असतं. हवा-पाण्याने ते हळूहळू गंजतं आणि अंगावर तांबूस-तपकिरी साल धरते. लाव्हा थंड होताना राहिलेल्या बुडबुड्यांच्या जागी जे पांढरे खडे भरलेले असतात ते सुटून पडतात आणि देवीचे वण राहतात. घडवणाऱ्या पाथरवटाने दगड पारखून घेतला असेल तर वण कमी. गावचा वीर, गावचाच पैसा, तेव्हा जवळच्या ओढ्यातला दगडच बहुतेक वेळा वापरला गेला. एकाच ओळीतल्या दोघांची तब्येत त्यामुळे वेगवेगळी असते, हे किकलीच्या भैरवनाथाच्या आवारात किंवा लोणी भापकरला गेलात तर स्वतः पाहता येईल.

आषाढ लागला की तो हिरवा होतो. आधी शेवाळाचा पातळ थर, मग खाचांमधून मखमल. अप्सरांच्या कमरेपर्यंत नेचे उगवतात. रतनवाडीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात हे चार महिने तो दगड आहे की झाड, असा प्रश्न पडतो. बारामतीच्या बाजूला, जिथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिथे नुसती हिरवी झाक येऊन जाते. कार्तिकात हे सगळं वाळतं. मखमल तपकिरी होऊन आपोआप सुटते, आणि मागे एक काळा थर राहतो. त्याला सगळे मळ समजतात. तो मळ कमी आणि जीव जास्त: शेवाळाच्या जातीचे सूक्ष्म जीवाणू उन्हाळाभर कोरडे पडून राहतात आणि पहिल्या वळवाला पुन्हा जागे होतात. एखाद्या उत्साही माणसाने चैत्रात खरवडून काढला तरी भाद्रपदात तो परत हजर. दरवर्षी खरवडणाऱ्याला वाटतं आपण दगड साफ करतोय. दगडाच्या हिशेबी दरवर्षी त्याची थोडी त्वचा जाते.

हे झाले पावसाळी पाहुणे. कायमची कुळं निराळी. राखी, पांढरी, पिवळट, शेंदरी अशी चकंदळं त्याच्या अंगावर असतात, नखाने न निघणारी. ती दगडफुलाची भावंडं. गोड्या मसाल्यात तेलावर परतून जे घालतो त्याच घराण्यातली, फक्त मसाल्यातलं पानांसारखं सुटं वाढतं आणि ही दगडाला कवटाळून बसलेली. एक बुरशी आणि एक शैवाल यांचा हा संसार. घर बुरशीचं, स्वयंपाक शैवालाचा. वाढ इतकी सावकाश की काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही सरकत नाहीत. १९५० च्या सुमारास रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने याच सावकाशीचा उपयोग केला. थडग्यांवर तारखा असतात. कोणत्या सालच्या दगडावर चकंदळ केवढं, हे मोजून त्याने वाढीचा वेग काढला आणि त्यावरून हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांचं वय ठरवलं. आपल्या गड्याच्या अंगावर तारीख नाही. पण त्याच्या छातीवर तळहाताएवढं चकंदळ असेल तर एवढं नक्की म्हणता येतं, की कित्येक वर्षांत त्याला कुणी घासलेलं नाही. ही चांगलीच बातमी आहे. हवेत गंधकाचा धूर वाढला की ही मंडळी गाव सोडतात, तेव्हा त्यांचं असणं गावाच्या हवेलाही बरंच म्हणायचं.

ती दगडाला खातात की नाही? खातात. बुरशीचे तंतू दगडाच्या कणांच्या फटींतून काही मिलिमीटर आत जातात, ऑक्झॅलिक आम्ल सोडतात, ओलं झालं की फुगतात, वाळलं की आकसतात आणि जाता जाता कण ओढतात. पण उघड्यावरच्या दगडाला त्यांचा आडोसाही होतो. पावसाचा मारा आणि दुपारचं ऊन आधी त्यांच्या अंगावर पडतं. अभ्यासकांमध्ये यावर अजून दोन पक्ष आहेत. माझं मत विचाराल तर घट्ट काळ्या पाषाणावरच्या चपट्या चकंदळांना हात लावू नये. तंतू आत गेलेले असताना वरून खरवडलं तर निघतो तो त्यांच्यासकट दगडाचा पापुद्रा. त्यांना आठशे वर्षांत जे जमलं नाही ते तारेचा ब्रश एका रविवारी करतो.

झाडांची गोष्ट वेगळी, तिथे दयामाया नको. पिंपळ आणि उंबर पक्ष्यांच्या विष्ठेतून येतात आणि पारावर टेकवून ठेवलेल्या वीरगळाला पन्नास वर्षांत मुळांच्या मिठीत घेतात. फोटोला ते फार छान दिसतं. काही ठिकाणी आता फक्त कलश आणि अर्धा चंद्र बाहेर उरला आहे. मिठी जुनी असेल तर ओढाताण करू नये, दगड मोडतो. पण कोवळा पिंपळ पायाशी दिसला तर पूजा करायच्या आत काढावा. उपटायचा नाही, मुळाशी कापायचा आणि पुन्हा फुटला की पुन्हा कापायचा. घाणेरी आणि रानमोडी यांना एवढा मानही द्यायची गरज नाही.

ऊन, पाऊस, शेवाळ, मुळं यांच्याशी त्याचं जुनं वैर आहे आणि तो ते पेलतो. त्याला खरा घोर लागला आहे तो भक्तीचा. तेल घातलं की धूळ चिकटते, दूध आणि लोणी घातलं की बुरशीला मेजवानी. नारळ फोडायला त्याचा माथा सोयीचा, म्हणून कलश आधी जातो. शेंदूर तर शतकानुशतकं चढतो आहे. थरावर थर बसून खालचा माणूस पार बुजतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरचा असा थर २०२२ साली काढला तेव्हा आतलं मूळ रूप पाहून लोक चकित झाले. वीरगळाच्या नशिबी तेवढे सोपस्कार येत नाहीत. चुना परवडला, तो पावसाने आपोआप झडतो आणि दगडाला श्वास घेऊ देतो. ऑइलपेंट मात्र जात नाही. जत्रा आठ दिवसांवर आली की मंडळाची पोरं फाटक रंगवतात, ओटा रंगवतात, उरलेल्या डब्यात ब्रश बुडवून याच्याकडे वळतात. अंगाला निळा, धोतराला पिवळा, मिशीला काळा, गाईला पांढरा. त्यामागे प्रेमच असतं, कुणी खोडी काढत नाही. पण रंगाखाली ओल अडकते, साल सुटते आणि पुढच्या वर्षी सुटलेल्या सालीवर पुन्हा रंग. पाच-सहा थरांनंतर गाईची शिंगं आणि तिचं डोकं एक होतं. हा रंग काढायला तज्ज्ञ लागतो, वेळ लागतो, आणि काढताना खालचं किती शिल्लक राहील याची खात्री तोही देत नाही.

दगडाला काहीतरी लावून वाचवायची हौस आजची नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर एक अख्खा अध्याय आहे. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळं, सावरीची फुलं, साली, बिया हे सगळं पाण्यात घालून आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवायचं, त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल घालून कालवायचं आणि गरम गरम लावायचं. टिकण्याची जी मुदत ग्रंथकार सांगतो ती ऐकून आजचा रंग कंपनीवाला लाजेल. आज वज्रलेप म्हटला की बहुधा रसायनांचा लेप निघतो, आणि तो गाभाऱ्यातल्या रोज अभिषेक होणाऱ्या मूर्तीसाठी करतात. उघड्यावरच्या वीरगळाला त्याची गरज नाही. पाण्याला अडवणारे पण वाफेला वाट देणारे लेपही आता मिळतात. त्यांचा निर्णय दगड तपासून संवर्धकाने घ्यायचा, डब्यावरची जाहिरात वाचून सरपंचांनी नाही.

आणि मग येतात सफाईवाले. गेल्या पंधरा-वीस वर्षांत गडकोटांवर आणि गावोगावी तरुणांच्या मोहिमा निघू लागल्या, उकिरड्यातून कितीतरी वीरगळ बाहेर आले. त्यांचं ऋण मोठं आहे. पण हुरूप आला की हातात जे सापडेल ते चालतं. तारेच्या ब्रशाने ओरखडे पडतात आणि लोखंडाचे बारीक कण खाचांत राहून पहिल्या पावसात गंजाचे ओघळ सोडतात. संडास धुवायचं ॲसिड ओतलं तर काळा दगड फेसाळत नाही, म्हणून लोकांना वाटतं काही झालं नाही; आतलं लोह मात्र पिवळं होऊन वर येतं आणि खड्यांमधला चुन्याचा भाग विरघळतो. ब्लीचिंग पावडरने शेवाळ दोन दिवसांत पांढरं पडतं, टाळ्या पडतात, आणि तिचे क्षार दगडात मुरून राहतात. धुण्याचा सोडा त्यातलाच. सर्वांत वाईट म्हणजे वाळूचा मारा. कॉम्प्रेसर लावून वाळू उडवली की तासाभरात दगड नवाकोरा राखाडी दिसतो आणि वीर वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत होतो. पाथरवटाच्या टाकीचा शेवटचा घाव त्या तासात जातो आणि तो परत आणण्याची युक्ती जगात कुणाकडे नाही.

जाणकारांचंही नेहमी एकमत असतं असं नव्हे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची विज्ञान शाखा १९१७ पासूनची, दगड धुण्याचा तिचा अनुभव शंभर वर्षांचा. तरीही कंबोडियात अंगकोर वाटच्या मंदिरावर १९८६ ते १९९३ या काळात आपल्या पथकाने जे काम केलं, त्यातल्या शेवाळ-दगडफूल काढण्याच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. तिथला दगड वालुकाश्म, आपला काळा पाषाण, तुलना नेमकी नाही. पण ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांनाही दोन पावलं मागे यावं लागतं, तर हौशी माणसाने पाच पावलं मागे राहायला हरकत नाही.

मग त्याला आंघोळच घालायची नाही का? घालायची, पण म्हाताऱ्या माणसाला घालतात तशा बेताने. पावसाळा सरल्यावर, ऊन कोवळं असताना. आधी तिरप्या उजेडात चारही बाजूंनी फोटो काढून ठेवावेत. ऊन बाजूने येत नसेल तर मोठ्या आरशाने त्याच्यावर टाकावं. आरशाचा हा उपाय फार चांगला. नक्षी उठून दिसावी म्हणून काहीजण खडू, रांगोळी किंवा पीठ चोळतात, त्याची मग गरज पडत नाही. दगडाचा एखादा भाग ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा हाताला पापुद्रा सुटत असेल तर तिथेच थांबावं, आंघोळ रद्द. धडधाकट असेल तर साधं गोडं पाणी, बोअरचं क्षारी नको. खालून वर भिजवत जायचं, म्हणजे ओघळांचे डाग पडत नाहीत. शेवाळ पाणी पिऊन फुगेपर्यंत वाट पाहायची. मग रंगाऱ्याच्या मऊ ब्रशाने, आधी पाठीमागे कोऱ्या बाजूला करून पाहून, हलक्या हाताने. खाचेतली माती बांबूच्या चोयटीने. साबण नाही, ॲसिड नाही, प्रेशरचा पाइप नाही. जे सुटेल ते सुटेल. जे सुटत नाही ते त्याचं आहे असं समजून राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी तो पूर्वीपेक्षा थोडाच उजळ दिसेल. फोटो टाकणाऱ्यांची यात निराशा होते, त्याला इलाज नाही.

खरं तर आंघोळीपेक्षा त्याला उभं राहायला कोरडी जागा हवी असते. घडवताना त्याच्या खालचा हातभर भाग कोरा ठेवलेला असतो, तेवढाच जमिनीत जायचा. शतकांच्या मातीने तो कमरेपर्यंत बुडतो आणि पडलेल्या वीराची चौकट, म्हणजे गोष्टीची सुरुवातच, कायम ओलीत राहते. नळाचं पाणी वळवलं, भोवतीची माती उतरवली, तरी अर्धं काम होतं. उचलायचा असेल तर जेसीबीच्या दातांनी नाही. गोणपाट गुंडाळून, रुंद पट्ट्यांनी, सावकाश. परत उभा करताना वाळू आणि खडीच्या बैठकीत, म्हणजे पाणी निचरेल. सिमेंटच्या ओट्यात त्याला गच्च बसवण्याची जी फॅशन निघाली आहे ती त्याच्या जिवावर उठते: सिमेंट ओल धरतं, क्षार देतं, आणि पुढे कधी त्याला काढायची वेळ आली तर दगड तुटतो, सिमेंट तुटत नाही. लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला आवळणं त्याहून वाईट, कारण लोखंड गंजताना फुगतं. वर उंच छप्पर आणि चहूबाजूंनी वारा, एवढं मिळालं तर तो आणखी कितीतरी पिढ्या काढेल. हलवण्याआधी पुरातत्त्व खात्याला कळवावं. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं शिल्प ही पुरावस्तू आहे, देवळामागे असली म्हणून ती बेवारशी होत नाही.

त्याचे काही नातलग मोठ्या घरात पडले आहेत. बोरिवलीच्या एकसर गावातले वीरगळ माणसाहून उंच आहेत आणि त्यांच्यावर वल्ह्यांच्या नौकांची रांग कोरलेली आहे. शिलाहार सोमेश्वर आणि यादव महादेव यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेली ती लढाई, असं अनेक अभ्यासक मानतात. काहींना ती त्याआधीची वाटते. गोव्यात पणजीच्या राज्य संग्रहालयात कदंबांच्या काळातले असेच नौकांचे वीरगळ आहेत. कोकणच्या दर्यावर त्या काळी कशी जहाजं लढत, वल्ही किती, नाळ कशी, माणसं कुठे उभी, याचं चित्र आपल्याला या मोजक्या दगडांवरूनच दिसतं. वल्हं म्हणजे दगडावर करंगळीपेक्षा बारीक उंचवटा. एका जत्रेचे दोन हात रंग, किंवा एक दुपार वाळूचा मारा, आणि पुढच्या अभ्यासकाला वल्ही मोजता येणार नाहीत.

देवळामागच्या गड्याकडे जहाज नाही, राजाचं नाव नाही, संग्रहालयाचं छप्पर नाही. त्याच्याकडे एक गाय आहे आणि तिची दोन शिंगं अजून दिसताहेत. तेव्हा मंडळाच्या पोरांनो, यंदा जत्रेआधी रंगाचे डबे आणलेत की त्याला वगळा. उरलेला रंग फाटकाला दुसरा हात म्हणून लावा, फाटकाला त्याची खरोखर गरज आहे. आणि त्याच्या पायाशी येणारं नळाचं पाणी तेवढं दुसरीकडे काढा.